आवणीची सुट्टी

“तुमच्याकडं पोरं कवा येत न्हाईत?”

वाळंज गुरुजींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, प्रवास कसा झाला तेही नाही. पौडाहून यष्टीनं धरणापर्यंत, तिथून होडीनं पाणी ओलांडून, आणि मग तास-दीड तास चिखल तुडवत मी कोंढरवाडीला पोचले होते. चपलेचा अंगठा वाटेतच तुटला होता. संयुक्त महाराष्ट्र व्हायला अजून दोन वर्षं होती. मी एकवीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. हेडमास्तर म्हणजे कुणीतरी चष्मेवाले गंभीर गृहस्थ असतील आणि मला ‘या बाई, बसा’ म्हणतील अशी माझी समजूत. समोर उभा होता एक बुटका माणूस. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पिंढऱ्यांवर चिखल वाळलेला. मी त्यांना शाळेचा शिपाई समजले होते, हे मी त्यांना पुढे कधीच सांगितलं नाही.

“कधी येत नाहीत म्हणजे?” मी विचारलं.

“म्हंजी शाळंत. आमच्याकडं आषाढात येत न्हाईत. समद्या गावाचं एकेक दुखणं आसतं. तुमच्याकडं कवा?”

मी शिरूरकडची, कोरड्या मुलखातली. आमच्याकडे ज्वारीच्या काढणीला शाळा ओस पडायची. माघात, मी म्हटलं. किती दिस, त्यांनी विचारलं. पंधरा-वीस, मी म्हटलं. त्यांनी खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून एक वही काढली, पेन्सिल जिभेवर टेकवली आणि लिहिलं: शिरूर, माघ, ज्वारी, पंधरा ते वीस. मग वही मिटून म्हणाले, “बसा बाई. च्या ठिवतो.”

ती वही मी पुढे पुष्कळदा पाहिली. माणसं पोस्टाची तिकिटं जमवतात, कुणी नाणी जमवतात. हा गृहस्थ सुट्ट्या जमवायचा. होडीतून कोकणातला सुपारीवाला आला की त्याला विचार, घाटाखाली शाळा कधी बंद? त्यानं सांगितलं, गणपतीत आणि शिमग्यात, तुम्ही बंद करा नाहीतर नका करू, पोरं यायची नाहीतच. लिहिलं. खानदेशातला कापडवाला आला, त्यानं सांगितलं की चैत्रापासून आमची शाळा सकाळचीच, दुपारी पोरांची टाळकी तापतात. लिहिलं. मेंढरं घेऊन हिंडणारी माणसं धरणाच्या तळ्याच्या काठानं उतरली, तर गुरुजी त्यांच्या तळावर जाऊन बसले आणि कुठल्या महिन्यात कुठं मुक्काम असतो ते सगळं उतरवून घेतलं. त्यातल्या दोन पोरांना त्यांनी मुक्कामापुरतं शाळेत आणून बसवलंही.

पण त्यांचं सगळ्यात लाडकं टिपण होतं ते गावातल्या एका जवानानं सांगितलेलं. तो काश्मिरात होता. त्यानं सांगितलं की तिकडं थंडीत बर्फ पडतं, म्हणून दोन-अडीच महिने शाळा बंद, आणि आपल्याकडं मे महिन्यात पोरं मोकळी असतात तेव्हा तिकडं शाळा भरलेली. हे ऐकून गुरुजी आठवडाभर हवेत होते. जो भेटेल त्याला थांबवून सांगायचे.

“तितं बी आपलंच सरकार हाय ना? मग बर्फाला सुट्टी मिळती आन भाताला न्हाई, ह्ये कसं?”

त्यांचं दुखणं नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दर वर्षी सुट्ट्यांची छापील यादी यायची. ती केली होती पुण्यातला उन्हाळा बघून. मे महिना बंद, जूनमध्ये शाळा सुरू. आता पुण्यात मे महिन्यात घामाच्या धारा लागत असतील, कोंढरवाडीत तळ्यावरून वारा यायचा, झाडाखाली सावली असायची. पोरांना तेव्हा काम नसायचं, करवंदं खाऊन जिभा जांभळ्या करत ती डोंगरभर उंडारायची. आणि जुलैत, म्हणजे आषाढात, भाताची रोपं उपटून खाचरात लावायची वेळ. तिला तिकडं आवणी म्हणतात. बाया चिखलात वाकून लावणी करणार, पुरुष औतावर, पोरं रोपांच्या मुठी पोचवणार. पाणी आहे तोवर ती व्हायला हवी, नाहीतर वर्षाचा भात गेला. त्या दिवसांत शाळेत मास्तर आणि फळा, दोघंच.

इतर शाळांनी यावर तोड काढली होती. हजेरीपटावर सगळी पोरं हजर. माझ्या लहानपणी माझ्याच गावात मास्तरांनी हेच केलेलं, मी ज्वारीच्या रानात कणसं खुडत होते आणि पटावर भूगोल शिकत होते. वाळंज गुरुजींना ते जमायचं नाही. पोर नाही तर गैरहजर. पण वीस-वीस दिवस गैरहजर लिहायचं तर शाळा चालत नाही असा शेरा येणार, आणि शाळा गेली तर पोरांनी शिकायचं कुठं? म्हणून त्यांनी मनानंच व्यवहार केला. मे महिन्यातले एकवीस दिवस शाळा भरवायची आणि आषाढात एकवीस दिवस बंद ठेवायची. कुणाची परवानगी नाही, काही नाही. मी गेले तेव्हा या प्रकाराला अकरा वर्षं झाली होती आणि गावाला वाटत होतं, सरकारनंच ठरवलंय.

सुट्टी कुठल्या दिवशी सुरू करायची ते मात्र गुरुजी ठरवत नसत. ते ठरवायच्या हौसाबाई. सत्तरीच्या पुढच्या, दात नसलेल्या, जिभेला धार असलेल्या. रोप वीतभर झालं की आवणी, आणि वीत हौसाबाईंची. त्या रोपवाटिकेत उकिडव्या बसायच्या, अंगठा चिखलाला टेकवून करंगळी वर ताणायच्या आणि एकदम उठून शाळेच्या दारात यायच्या.

“मास्तर, घंटा वाजीव. झालं.”

गुरुजी हातातला खडू खाली ठेवायचे. चालू गणितही पुरं करायचे नाहीत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कपाळालाच हात लावला. म्हटलं, गुरुजी, अहो भागाकार तरी संपवू द्या. ते म्हणाले, “बाई, भागाकार यकवीस दिसांनी बी तितंच आसंल. रोप ऱ्हात न्हाई.”

एक मात्र होतं. सुट्टी संपली की बाविसाव्या दिवशी पोर वर्गात पाहिजे म्हणजे पाहिजे. त्यात दया नाही. माझ्या पहिल्याच वर्षी तुळसा नावाची तिसरीतली मुलगी आली नाही. गुरुजी तिच्या घरी गेले. बापानं सांगितलं, म्हस राखाया कुणी न्हाई. गुरुजी सरळ गोठ्यात गेले. म्हशीचं दावं सोडलं आणि म्हैस घेऊन शाळेकडे चालू लागले. मागून तुळसा, तिच्या मागून बाप. म्हैस शाळेच्या अंगणातल्या आंब्याला बांधली, तुळसाला आत बसवलं आणि बापाला म्हणाले, “आता सांजच्याला दोघींना घिऊन जा.” चार दिवस ती म्हैस शाळेत आली. मी कविता शिकवत असले की खिडकीतून तोंड आत. पोरं हसून लोळायची, मला काही सुचायचं नाही. मी तक्रार केली तर गुरुजी म्हणाले, “म्हस पटावर न्हाई बाई, तिच्याकडं ध्यान दिऊ नका.” पाचव्या दिवशी बापाला लाज वाटली आणि म्हैस यायची थांबली. खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं झालं.

बोलायचे ते असे अस्सल मावळी. पण शुद्धलेखन घालायला उभे राहिले की माणूस बदलायचा. कोट अंगावर चढायचा, ‘आहे’, ‘नाही’, ‘आम्ही’ असं एकेक अक्षर तोलून बाहेर यायचं. कोट उतरला की पुन्हा ‘हाय’ आणि ‘न्हाई’. पोरांना यात काही वावगं वाटत नसे. मलाही हळूहळू वाटेनासं झालं. दुसऱ्या वर्षी मीही पदर खोचून हौसाबाईंच्या खाचरात उतरले. माझी लावणी वाकडी व्हायची. हौसाबाई म्हणायच्या, मास्तरीणबाई, भात लावतीयास का रांगोळी काढतीयास.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

दर महिन्याला शाळेचं पत्रक तालुक्याला जायचं. किती दिवस शाळा भरली, रोज किती पोरं आली. गुरुजी मे महिन्याचं पत्रक पाठवतच नसत. वरही कुणी विचारत नसे, कारण वरच्यांच्या लेखी शाळा बंदच. आणि जुलैच्या पत्रकात त्या एकवीस दिवसांपुढे ते ‘गावकामास्तव बंद’ असं बारीक अक्षरात लिहायचे. ते अकरा वर्षं कुणी वाचलं नव्हतं. माझ्या दुसऱ्या जूनमध्ये गुरुजींना हिवताप आला, चांगले दहा-बारा दिवस अंथरुणाला खिळले. नेमका तेव्हा तालुक्याचा माणूस आला, राहिलेले कागद मागायला. मी ट्रेनिंग कॉलेजात अक्षरासाठी बक्षीस मिळवलेली बाई. मी मार्च दिला, एप्रिल दिला, आणि मे महिन्याचं पत्रक राहिलंय असं पाहून तेही भरलं. एकवीस दिवस शाळा, हजेरी जवळजवळ पूर्ण. खाली रेघ मारली. मला वाटलं, वाहवा होईल गुरुजींची. सुट्टीतसुद्धा शाळा चालवणारा मास्तर कुठं मिळतो?

आषाढात, सुट्टीच्या आठव्या का नवव्या दिवशी, आम्ही सगळे खाचरात असताना बांधावरून एक छत्री आली. ती वाऱ्यानं उलटी झालेली होती आणि तिच्याखालचा माणूस आधीच भिजून चिंब झालेला होता. शाळा तपासनीस. गाव त्यांना दिपोटी म्हणायचं. शाळेला कुलूप बघून ते विचारत विचारत इथवर आले होते. माझ्या हातातली मूठ चिखलात पडली.

“हेडमास्तर कोण?” ते म्हणाले.

गुरुजी मांडीपर्यंत चिखलात होते. पाठीवर पानांचं इरलं. ते सरळ उभे राहिले. “मी, सायब.”

“आणि शाळा?”

“शाळा तितं हाय, पोरं हितं हायेत. तुमाला काय तपासायचं त्ये सांगा.”

माझी तर पाचावर धारण बसली. पण ते साहेब भले गृहस्थ निघाले. रागावले नाहीत. गुरुजींनी त्यांना घरी नेलं, कोरडं धोतर दिलं, भात-पिठलं वाढलं. मग पडवीत पोरांना बोलावलं. चिखलाच्या हातांनी पोरं ओळीनं बसली आणि साहेबांनी पाढे विचारले, नद्या विचारल्या, तोंडी हिशोब घातले. तुळसानं तर साहेबांचं एक उत्तर चुकलं ते दाखवून दिलं. साहेब हसले. पोरं गेल्यावर मात्र त्यांनी पिशवीतून एक कागद काढून समोर ठेवला. माझं पत्रक. माझं बक्षीसपात्र अक्षर.

“गुरुजी,” ते म्हणाले, “यावरून वर चौकशी निघाली आहे. सुट्टीत शाळा उघडी, कामाच्या दिवसांत बंद, आणि दोन्ही विनापरवानगी. तुम्हाला इथून हलवतील. पण एक करता येईल. हे मे महिन्याचं पत्रक चुकून गेलं असं बाई लिहून देतील. आणि हे एकवीस दिवस तुम्ही अतिवृष्टीमुळे बंद असं लिहा. अतिवृष्टीची सुट्टी हेडमास्तरला देता येते. पाऊस तर पडतोच आहे. मी सही करतो, प्रकरण इथंच मिटेल.”

बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या. मी ताबडतोब म्हटलं, मी लिहून देते, आत्ता देते. मी पेन शोधायलाही लागले. गुरुजींनी हात वर करून मला थांबवलं.

“बाई, तुमी लिवलंय त्ये खरं हाय. त्ये चुकून गेलं न्हाई. चुकलं त्ये माझं. अकरा वर्सं म्या त्यो कागद धाडला न्हाई, ती लपवाछपवीच की.”

“गुरुजी, तुमचं घर इथं, शेत इथं,” साहेब म्हणाले. “एका शब्दाचा प्रश्न आहे.”

“व्हय, शब्दाचाच हाय. सायब, पावसानं आमची शाळा आजवर यक दिस बंद पडली न्हाई. ही पोरं वढा वलांडून, इरलं घिऊन येत्यात. पावसाला भ्याली आसं म्या त्यांच्या नावावर लिवू? आन दुसरं आसं, की कागदावर पाऊस लिवला तर तुमी म्हणणार पावसाची सुट्टी दिलीया की, मग आवणीची कशाला पायजे? ‘आवणी’ लिवल्याबिगर आवणीची सुट्टी कवाच मिळायची न्हाई. तुमी बघितलं त्येच लिवा.”

साहेबांनी तो कागद परत पिशवीत ठेवला. मग शेरेबुक उघडून त्यांनी लिहिलं: आज शाळा भाताच्या आवणीसाठी बंद आढळली. सही केली. जाताना बांधापर्यंत सोडायला मी गेले, तर म्हणाले, “बाई, मी यापेक्षा चांगली शाळा पाहिली नाही, आणि हे मला कुठं लिहिता येणार नाही.”

दिवाळीनंतर बदलीचा हुकूम आला. कोरड्या भागात, पार शिरूरच्या पलीकडे, माझ्या गावापासून दोन कोसांवर. मी तीन दिवस रडत होते. चौथ्या दिवशी गुरुजींच्या घरी जाऊन म्हटलं की माझ्यामुळे झालं हे, मला क्षमा करा. ते बासनात कपडे बांधत होते. म्हणाले, “खरं लिवल्याची माफी मागायची न्हाई. पोरं काय शिकतील आपल्यापसनं?” मग बासनाची गाठ आवळत, “माझ्या खाचरांकडं ध्यान ठिवा तेवडं. हौसाबाईला म्हणावं, वीत चांगली ताण.” मला हसूही आलं आणि रडूही. होडी सुटेपर्यंत अख्खं गाव काठावर उभं होतं.

नवे हेडमास्तर यादीबरहुकूम चालणारे. मे महिना बंद, जुलै चालू. पुढच्या आषाढात वर्गात चौघं होती, त्यातली दोघं होडीवाल्याची. मला रोज गैरहजर, गैरहजर लिहिताना हाताला काटे टोचायचे.

मग आम्ही अर्ज करायला सुरुवात केली. दर चैत्रात एक अर्ज. मी लिहायचे, गाव अंगठे उठवायचं, पहिला अंगठा हौसाबाईंचा. अर्जात शब्द एकच, आवणी. पाऊस कुठंही नाही. तिकडं गुरुजींचंही तेच चाललं होतं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, त्यांना आठवडेबाजारात भेटले, आणि दादांनी मला पत्रातून कळवलं की तुझे गुरुजी भेटले, मला ओळखत नव्हते तरी थांबवून विचारलं, यंदा ज्वारी काढणीला कधी येतेय. तिथं त्यांनी दिवाळीची सुट्टी अर्धी करून उरलेले दिवस माघात मिळावेत म्हणून अर्ज घातला होता. या खेपेला आधी अर्ज. दोन वर्षं नकार आला, तिसऱ्या वर्षी तिथल्या लोकांना आठ दिवस मिळाले. गुरुजींनी मला कार्ड पाठवलं, त्यात मजकूर एवढाच: ‘ज्वारीस आठ दिवस मिळाले. आवणीचे काय? अर्ज थांबवू नये.’ शुद्ध भाषेत, कोट घालून लिहिल्यासारखं.

ते निवृत्त होऊन कोंढरवाडीला परत आले तेव्हा आमचे पाच अर्ज झाले होते आणि हौसाबाई गेल्या होत्या. गुरुजी वाळले होते, कंबर थोडी धरली होती. आल्या आल्या शाळेत आले, वर्गाच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. मी म्हटलं, गुरुजी, आत या. ते म्हणाले, आता पटावर न्हाई मी. सहाव्या अर्जावर पहिला अंगठा कुणाचा, यावरून गावात चर्चा झाली. गुरुजींनी अंगठा दिला नाही, सही केली, आणि हुद्द्याच्या जागी ‘शेतकरी’ लिहिलं.

त्या आषाढात एका सकाळी टपालातून कागद आला. मी तो शाळेत वाचला, पुन्हा वाचला, घडी करून पदराखाली धरला आणि छत्रीसुद्धा न घेता खाचरांकडे पळाले. बांध निसरडे झाले होते, मी दोनदा घसरले. गुरुजी आपल्या खाचरात वाकून लावणी करत होते. ओळीत दहा-बारा बाया, त्यात परकर जाऊन लुगड्यात आलेली तुळसा.

“गुरुजी, कागद आलाय,” मी बांधावरून म्हटलं.

ते वर आले नाहीत. तिथंच कंबरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाले. “वाचा.”

मी वाचलं. अतिपर्जन्याच्या भागातील शाळांनी भाताच्या आवणीसाठी ग्रामस्थांच्या संमतीने सुट्टी घ्यावी, व ते दिवस उन्हाळी सुट्टीत भरून काढावेत. बायांचे हात थांबले होते. कागदावर पाणी पडत होतं, शाई उतरायला लागली होती.

“पुन्यांदा वाचा. ‘आवणी’ लिवलंय का?”

“आवणी लिहिलंय, गुरुजी.”

“पावसासाठी आसं न्हाई ना?”

“नाही. आवणीसाठी.”

त्यांनी इरल्याखालून तोंड वर केलं. डोळ्यांत काय होतं मला दिसलं नाही, सगळंच ओलं होतं. ओठ मात्र हलत होते.

“किती दिस?”

“अठरा.”

त्यांनी इरलं पाठीवर सारखं केलं. मग खाली वाकले, चिखलातली एक मूठ उचलली आणि मागं न बघता बायांना म्हणाले, “मग उभ्या काय ऱ्हायलाय? हात उचला की. अठराच दिस दिल्यात.”